३३ किलो कुणाला कमी पडतात?

परवा आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकमध्ये एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी ताटाकडे बघत विचारलं, "काय वहिनी, ऑपरेशन फेल गेलं म्हणतात तुमचं?" वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या ताटात मासवडीच्या दोन वड्या आणि चतकोर भाकरी होती. एकेक घास त्या दाताखाली पार पीठ होईपर्यंत चावत होत्या. पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब सरकवून ठेवला होता, कारण आता जेवण आणि पाणी एकत्र चालत नाही. पंगत उठली तेव्हा त्यांच्या ताटात अर्धी वडी शिल्लक होती, आणि ती टाकावी लागणार म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

नाव लिहायचं नाही, बाकी सगळं लिहा, असं त्यांनीच मला सांगितलंय. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचं वजन ११८ किलो होतं. पुण्यात स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून बाकीची नळी केली. आज काटा ८५ दाखवतो. इन्सुलिन बंद झालंय, जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही, रात्री घोरणं कमी झाल्याने घरचे झोपतात. आणि गावाने निकाल दिला: फेल. मला याचा मनस्वी राग आलाय.

हा निकाल आला कुठून? फ्लेक्सवरून. फ्लेक्सबद्दल मी याआधीही लिहिलंय आणि वाचकांनी मला झोडलंय, तरी पुन्हा लिहिते. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो, खाली '७० टक्के वजन घटवा'. वाचणारा साहजिकच ११८ चे ७० टक्के काढतो. ते होतात ८२-८३ किलो. म्हणजे मागे उरणार ३५, पाचवी-सहावीतल्या मुलीचं वजन. असं कुणाचं होत नाही आणि व्हायलाही नको. सर्जन जे ७० टक्के म्हणतात ते जादा वजनाचे असतात. वहिनींची उंची १५८ सेंटिमीटर. बीएमआय २५ धरला तर त्या उंचीला ६२ किलो बसतात. ११८ मधून ६२ वजा केले की जादा राहिले ५६. त्यातले ३३ उतरले, म्हणजे सुमारे ६० टक्के. तेच ३३ एकूण वजनावर मोजले तर २८ टक्के. दोन्ही हिशोब खरे आहेत. फक्त फ्लेक्सवर मोठा आकडा छापतात आणि तो कशाचा, हे छापत नाहीत. डॉक्टरने रुग्ण ओढण्यासाठी स्वतःची जाहिरात करू नये, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्वच्छ लिहिलंय. अवसरी फाट्यापासून मंचरपर्यंतचे असले फ्लेक्स उद्या उतरवले तर या शस्त्रक्रियेबद्दलची निम्मी निराशा कमी होईल, असं माझं ठाम मत आहे.

किलोंचा हा धावफलक वाचायची सवय आपल्याला २०१७ साली लागली. त्याच्या आधी ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात लोकांना माहीत झाली ती नितीन गडकरींमुळे. त्यांनी २०११ मध्ये ती करून घेतली होती. पण घराघरांत ती पोचली इमान अहमदमुळे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची ३६ वर्षांची ही बाई, वजन ५०० किलोच्या घरात, कितीतरी वर्षं घराबाहेर पडलेली नाही. ११ फेब्रुवारी २०१७ ला ती मालवाहू विमानाने मुंबईत उतरली आणि क्रेनने उचलून तिला सैफी हॉस्पिटलमध्ये नेलं. ७ मार्चला स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच द्रव आहारावर शंभरेक किलो उतरल्याचं सांगण्यात आलं, त्यात शरीरात साठलेलं पाणी बरंच होतं. मग रोज पेपरात आकडा. एप्रिलमध्ये वजन निम्म्यावर आल्याचं जाहीर झालं, तिच्या बहिणीने त्या आकड्यावरच आक्षेप घेतला, मोठा वाद झाला, आणि मे महिन्यात इमानला अबू धाबीला हलवलं. २५ सप्टेंबरला तिथेच तिचं निधन झालं. तिचं हृदय आणि मूत्रपिंडं आधीपासूनच खचलेली होती, पक्षाघात होऊन गेला होता. किलो उतरले, पण किलो हा तिच्या आजाराचा एक भाग होता.

त्याच वसंतात, त्याच रुग्णालयात आणखी एका माणसावर शस्त्रक्रिया झाली. मध्य प्रदेशातले ते पोलीस निरीक्षक आठवत असतील. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने त्यांचा फोटो टाकून त्यांच्या आकारावर विनोद केला होता. माणूस १८० किलोचा. विनोदाची बातमी झाली, बातमीतून मदत मिळाली, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढे त्यांचं वजन सुमारे ६५ किलोने उतरल्याच्या बातम्या आल्या. ६५ म्हणजे एकूण वजनाच्या ३६ टक्के. जगातल्या कुठल्याही सर्जनने समाधानाने मान डोलवावी असा हा आकडा आहे. पण १८० मधून ६५ गेले तरी ११५ उरतात. ११५ किलोचा माणूस 'नंतर'च्या चौकटीत कुणी छापत नाही. तो रस्त्याने चालला तर आजही त्याच्याकडे बघून कुणीतरी हसेल. हसणाऱ्याला तो कुठून निघालाय हे माहीत नसतं, तो कुठे पोचलाय एवढंच दिसतं.

या दोघांना शेजारी ठेवून बघा. एकीचे किलो शेकड्यांनी गेले आणि आपण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याचं काम खरोखर छान झालं आणि ते आपल्या डोळ्यांना दिसलंच नाही. आमच्या वहिनींचंही तेच चाललंय. त्यांचा बीएमआय ४७ वरून ३४ वर आला. पुस्तकाप्रमाणे त्या अजूनही स्थूल आहेत. ज्यांनी त्यांना ११८ वर चालताना पाहिलं नाही, त्यांच्या लेखी त्या एक जाड बाई आहेत.

घरातल्यांची चूक वेगळी. पहिल्या महिन्यात ११ किलो गेले. नवऱ्याने लगेच वर्षाचा हिशोब मांडला आणि दिवाळीपर्यंत ६० वर येईल असं भावकीत सांगून टाकलं. हा माणूस कांदा लावतो. नवा कांदा बराखीत टाकला की सुरुवातीला पाणी मरून घट जास्त येते, नंतर ती मंदावते. पहिल्या महिन्याच्या घटीला कुणी बारा महिन्यांनी गुणत नाही, हे त्यांना मी सांगण्याची गरज नाही. माणसाच्या अंगाचंही तसंच असतं. शस्त्रक्रियेनंतरची उतरण साधारण वर्ष-दीड वर्षात थांबते. शरीर लहान झालं की ते जाळतंही कमी, भूक हळूहळू परत येते, आणि नळी थोडी सैलावते. वहिनी आता जवळजवळ तळाला आहेत. आणखी २५ किलो उतरतील याची वाट बघत बसलं तर पदरी निराशाच येईल.

उलट इथून थोडं वाढेल. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. स्वीडनमध्ये चार हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला मोठा अभ्यास आहे. त्यात जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, आणि दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. ज्यांनी शस्त्रक्रिया केली नाही, त्यांचं वजन इतक्या वर्षांत दोन टक्क्यांच्या आतच वरखाली झालं. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले. तुलना करायचीच तर इथे करा. वहिनींच्या शेजारी फ्लेक्सवरची बाई उभी करू नका. शस्त्रक्रियेविना ११८ वरच राहिल्या असत्या त्या वहिनी उभ्या करा, इन्सुलिनची सुई हातात घेतलेल्या.

स्लीव्हचे दहा वर्षांचे आकडे फिनलंडमधून आलेत: जादा वजनातले साधारण ४३-४४ टक्के गेलेले राहतात. वहिनींच्या ५६ किलोंना तो हिशोब लावला तर दहा वर्षांनी काटा ९४ च्या आसपास असेल. म्हणजे ८५ वरून ९४. तेव्हा हीच पंगत म्हणेल, बघा, परत फुगल्या. मी आत्ताच लिहून ठेवते की ते ९४ सुद्धा यशच असेल. साखरेचंही तसंच आहे. इन्सुलिन सुटलं म्हणजे मधुमेह गेला असं नाही, तो दबलाय, आणि काहींना काही वर्षांनी परत येतो. मधली चांगली वर्षं डोळे, मूत्रपिंडं आणि पाय वाचवतात, ती फुकट जात नाहीत.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल बरेच जण विचारतात. माउंजारो २०२५ च्या मार्चपासून आपल्याकडे मिळतं, आणि चाचण्यांमध्ये सर्वांत मोठ्या डोसवर सुमारे २० टक्क्यांपर्यंत वजन उतरलेलं आहे. औषध थांबलं की बरंचसं वजन परत येतं. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर.

मला खरी भीती टोमण्यांच्या परिणामाची वाटते. 'फेल गेलं' हे वहिनींच्या घरात शिरलंय. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला पुण्याला जायचं तपासणीला? व्हायचं ते झालं." वहिनींनी दोन तपासण्या चुकवल्यात. जठर एवढं लहान झाल्यावर बी १२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अन्नातून पुरेसं मिळत नाही. गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर लागते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळाले तेव्हा त्या घाबरल्या होत्या. ते तात्पुरतं असतं, भरून येतं. पण बी १२ कमी पडून तळपायांना मुंग्या यायला लागल्या आणि ते अंगावर काढलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. अशा वेळी शस्त्रक्रिया खरोखर फसते, आणि ती फसवणारे आपण असू.

प्रथिनांचंही असंच. दिवसाला निदान ६० ग्रॅम हवीत आणि पोटात जागा चार घासांची. चार घासांतला पहिला घास अंड्याचा, पनीरचा किंवा घट्ट डाळीचा हवा, भाकरी शेवटी. आपल्या तालुक्यातून रोज टँकर भरून दूध बाहेर जातं, अवसरी फाट्यावर एवढी मोठी डेअरी उभी आहे, आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरतं दूध उरतं. मी हे दर दोन-तीन महिन्यांनी लिहिते आणि लिहीत राहणार. वहिनींना सकाळ-संध्याकाळ वाटीभर दही आणि एक अंडं घरातल्यांनी विनातक्रार द्यावं, त्यांनी मागायची वाट बघू नये.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे एक मागणी आहे. आंबेगाव-जुन्नरमधून पुण्या-मुंबईला जाऊन ही शस्त्रक्रिया करून आलेल्यांसाठी महिन्यातला एक दिवस ठेवावा. हिमोग्लोबिन, बी १२, ड, कॅल्शियम आणि साखर एवढ्या तपासण्या तिथेच झाल्या तर एसटीचे हेलपाटे आणि बुडणारी मजुरी वाचेल. ते सुरू होईपर्यंत वहिनींनी पुण्याची राहिलेली तपासणी याच महिन्यात उरकावी, आणि नवऱ्याने सोबत जावं. सर्जनसमोर बसून त्यांनीच विचारावं की ३३ किलो म्हणजे कमी का, आणि उत्तर मिळालं की ते भावकीतही सांगावं, दिवाळीचं ६० सांगितलं होतं तितक्याच मोठ्याने.