रमाईला नुसतं ‘त्यागमूर्ती’ म्हणून भागणार नाही

यशवंतपूरच्या भाड्याच्या खोलीत फेलोशिपचा फॉर्म भरत होते. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात सवयीनं ‘गृहिणी’ लिहिलं, उत्पन्नापुढे ‘निरंक’. मग घरी फोन लावला. आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून नुकतीच आली होती आणि चुलीपुढे बसली होती. समाजशास्त्रात एम. ए. केलेल्या लेकीनं तिची सगळी मेहनत एका शब्दात पुसून टाकली होती.

दर २७ मे रोजी आपण रमाईला अभिवादन करतो, ‘त्यागमूर्ती’ म्हणतो. तिच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. १९३५ साली राजगृहात तिनं प्राण सोडला तेव्हा ती अवघी ३७ वर्षांची होती. याला नुसता त्याग म्हटलं की लेकरं का गेली, ती स्वतः इतक्या लवकर का गेली, हे विचारायचं राहून जातं.

बाबासाहेबांनी हे झाकलं नाही. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी मोकळेपणानं लिहिलं: आपण परदेशी असताना प्रपंचाची काळजी तिनं वाहिली, परतल्यावरच्या ओढगस्तीत डोक्यावरून शेणही वाहिलं आणि अशा बाईला आपण दिवसातला अर्धा तासही देऊ शकलो नाही. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात ते कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाचा भार एकट्या बाईवर नको, सरकारनं आणि मालकानंही तो उचलावा, ही त्यांची भूमिका होती. घरात कबुली आणि बाहेर हक्काची मागणी, या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

आजही जनगणना फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ‘काम न करणारी’ धरते. सरकारच्याच २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७. आणि ‘गृहिणी’ या शब्दात आपल्या आया मावतही नाहीत. उंबरठ्याआड बसणं त्यांना कधी परवडलंच नाही. बाहेर दुसऱ्याचं रान, घरात आपली चूल, अशी दुहेरी पाळी त्यांनी केली, म्हणून आपण पदवीपर्यंत पोचलो.

आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘आईच्या त्यागामुळे’ एवढं लिहून सुटता येणार नाही. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लावा. तिची कंबर दुखते म्हणाली की त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. सुट्टीत घरी गेलात की भाकरी तुम्ही थापा. भावांनो, हे तुम्हालाही सांगतेय.

मी फॉर्म दुरुस्त केला. ‘शेतमजुरी आणि घरकाम’ असं लिहिलं. उत्पन्नाच्या रकान्यासाठी आईला तिची हजेरी विचारली. इतक्या वर्षांत तो आकडा मला माहीत नव्हता.

जय भीम!