केटामिन किती दिवस चाललं, हे कार्डावर लिहा

मी भूलतज्ज्ञ आहे आणि केटामिन या भुलीच्या औषधाची बाजू आजही घेते. व्हेंटिलेटर नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर अर्धा, अशा तालुक्याच्या थिएटरमध्ये या औषधाने आम्हाला सांभाळून घेतलंय. मोडलेलं हाड बसवायला, भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग बदलायला एखादा डोस दिला, तर यकृताची काळजी करायचं सहसा कारण नसतं.

आयसीयूत तेच औषध सिरिंज पंपातून रात्रंदिवस चालतं, तेव्हा गोष्ट वेगळी. कोविडच्या लाटांत झोपेच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला आणि अनेक देशांत पेशंट दिवसच्या दिवस केटामिनवर राहिले. २०२२ मध्ये ज्युरिखच्या डॉक्टरांनी अशा पेशंटांत डोस वाढेल तसं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, चढताना दाखवलं. फ्रान्सच्या औषध नियामकाने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, दीर्घकाळ मोठ्या डोसमध्ये दिलेल्या केटामिनमुळे यकृताला होऊ शकणाऱ्या इजेबद्दल इशारा दिला होता.

ही इजा मुख्यतः यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या पित्तनलिकांना होते. यकृताच्या पेशींना दोन वाटांनी रक्त मिळतं, पण पित्तनलिकांची भिस्त मुख्यतः एकट्या यकृत धमनीवर. त्यामुळे रक्तदाब पडला की आधी त्यांचे हाल होतात. अशा पेशंटला जंतुसंसर्गही असतो, म्हणून सगळा दोष केटामिनच्या माथी मारता येणार नाही. पण नलिका आधीच अडचणीत असताना आणखी एक भार टाकायचा, तर निदान लक्ष तरी ठेवायला हवं. यकृताच्या पेशींची इजा दाखवणारं नुसतं एसजीपीटी बघून भागत नाही. ते फारसं न वाढताही पित्ताच्या वाटेतला बिघाड दाखवणारे अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी वर जात असतात. पंप दोन-तीन दिवसांपुढे चालणार असेल, तर या तपासण्या आठवड्यातून दोनदा व्हाव्यात आणि आकडे चढू लागले की औषध बदलण्याचा विचार तिथल्या तिथे व्हावा.

मला सर्वात जास्त खटकतं ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर बहुतेकदा ‘सिडेशन दिले’ एवढंच असतं. पेशंट घरी येतो, काही आठवड्यांनी रात्रभर अंग खाजतं, डोळे पिवळे दिसतात. गावातले डॉक्टर खाजेची गोळी देतात, नातेवाईक कावीळ उतरवायला नेतात. पित्तनलिका आतून आक्रसत असतील, तर त्यात महिने जातात, आणि अशा काही जणांवर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली आहे. कार्डावर औषधाचं नाव, किती दिवस, एकूण किती मिलिग्रॅम आणि शेवटचं अल्कलाइन फॉस्फेटेज, एवढं असलं तर तेच डॉक्टर त्याला वेळेत पोटाच्या एमआरआयला पाठवतील. ही ओळ नसेल, तर नातेवाइकांनी ती लिहून मागावी.