मामा, जरा ‘आ’ करा!

एक काम करा. हाताची तीन बोटं एकत्र धरून तोंडात उभी घालून बघा. जातात? मस्त. जात नसतील, तर पुढचं जरा नीट वाचा.

माझे मामा गंगाखेडचे. सकाळी आधी तंबाखूचा बार, मग चहा. गालात आतून फोड आला. मेडिकलवरून ट्यूब आणली. कुणी म्हणालं, उष्णता आहे, गुलकंद खा. चार महिने गेले. भाकरी-ठेचा झोंबायला लागला, मानेत गाठ आली, तेव्हा कुठे डॉक्टर आठवले. ते म्हणाले, तुकडा काढून तपासू. तर घरात गलका, “कापू देऊ नका, लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो!” आणखी एक महिना गेला.

हे साफ खोटं आहे. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही, उशीर केल्याने पसरतो. तोंडातला कॅन्सर बहुतेकदा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरतो. लवकर सापडला तर अनेकदा छोट्या शस्त्रक्रियेत भागतं. उशीर झाला की गाल, जबडा, मानेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात. वर रेडिएशन, कधी केमोही.

शरद पवारांवर 2004 मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आर. आर. आबा 2015 मध्ये याच आजाराने गेले, वय फक्त 57. हा आजार पद बघत नाही.

राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. तरी पुडी कुठे मिळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत! आणि ‘आपण फक्त सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनो, नुसत्या सुपारीनेही तोंड आखडतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

मला वाटतं, आपला खरा आजार लाज आहे. मोबाइलच्या स्क्रीनला तडा गेला तर आपण त्याच दिवशी दुकान गाठतो. तोंडातला फोड मात्र महिनोन्‌महिने लपवतो. दोन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर सरळ सरकारी दवाखाना गाठा. पैशाचं कारण सांगू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत.

मामा आज आहेत. पण फोनवर ते काय म्हणाले, हे आईला दोनदा विचारावं लागतं. तुमच्या घरात अशी वेळ येण्याआधी आजच विचारा, “मामा, जरा आ करा बरं.” आणि आधी आरशासमोर स्वतः करा.