तराजू, ठसा आणि माती : जुन्या नाण्याला आपण चुकीचा प्रश्न विचारतो आहोत

१/
‘हे नाणे अस्सल आहे का? वजन इतके इतके ग्रॅम.’ जुन्या नाण्याच्या छायाचित्राखाली हा प्रश्न नेहमी दिसतो. माझे मत असे की हा प्रश्न अपुरा आहे आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत आपला वऱ्हाड मोजतो आहे. हे पटवून देण्यासाठी रोमपासून सुरुवात करून तऱ्हाळ्यापर्यंत यावे लागेल. धागा लांब आहे. वाचकांनी धीर धरावा.

२/
प्लिनी या रोमन ग्रंथकाराने एक कथा नोंदवली आहे. अॅनियस प्लोकॅमस नावाच्या रोमन कंत्राटदाराचा एक मुक्त दास वादळात भरकटत सिंहलद्वीपाला लागला. त्याच्याजवळची चांदीची दिनार नाणी पाहून तिथला राजा चकित झाला. मुखवटे निरनिराळ्या व्यक्तींचे, वजन मात्र एकसारखे! एवढ्यावरून राजाने रोमनांच्या सचोटीची खात्री करून घेतली, असे प्लिनी सांगतो.

३/
ही हकीकत सम्राट क्लॉडियसच्या काळातली, म्हणजे इ.स. ४१ ते ५४ मधली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, इ.स. ६४ च्या सुमारास, नीरोने दिनाराचे वजन उतरवले. पूर्वी एका रोमन पौंड चांदीत ८४ नाणी पडत, ती आता ९६ पडू लागली. सुमारे ३.९ ग्रॅमचे प्रमाण ३.४ ग्रॅमवर आले आणि चांदीचा कसही घटला. राजाने ज्या वजनावरून एका राष्ट्राची पारख केली, ते वजन पुढच्या पिढीपर्यंतही टिकले नाही.

४/
शिवाय एकाच सम्राटाची, एकाच टांकसाळीतली नाणीदेखील तंतोतंत सारखी नसत. कारण साधे आहे. चांदीच्या बाबतीत टांकसाळ प्रत्येक नाणे वेगळे तोलत बसत नसे. एका पौंडातून ठरलेली संख्या निघाली की हिशेब जुळला. एखादी चकती थोडी जड, एखादी हलकी. पुढे शेकडो हातांतली झीज, जमिनीतल्या क्षारांचा परिणाम आणि सापडल्यावर हौशी हातांनी केलेली घासपूस. त्यामुळे थोडे हलके नाणे म्हणजे खोटे नाणे, असा निष्कर्ष निघत नाही.

५/
याची दुसरी बाजूही आहे. आत तांबे आणि वर चांदीचा पातळ पत्रा, अशी बनावट दिनार नाणी रोमन काळातच पाडली जात. तांबे चांदीपेक्षा हलके, म्हणून ती बहुधा तराजूत उघडी पडतात. आजचा बनावटखोर मात्र खऱ्या चांदीचे, नेमक्या वजनाचे नाणे सहज बनवू शकतो. थोडक्यात, तराजू संशय निर्माण करू शकतो, अस्सलपणाचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. प्लिनीच्याच काळी उत्तम बनावट दिनारासाठी लोक एकाहून अधिक खरे दिनार मोजत, असे तो लिहितो. हौस किती जुनी आहे पाहा!

६/
आता महाराष्ट्रात येऊ. भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी उतरत आणि स्थानिक चलनाशी त्यांची फायदेशीर अदलाबदल होई, असे ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो. पैठण आणि तेर या आपल्या बाजारपेठाही त्यात आहेत. तरी महाराष्ट्रात रोमन चांदीची नाणी क्वचितच मिळतात. ती वितळवून क्षहरात क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी पाडली गेली असावीत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे.

७/
नहपानाचे नाणे सुमारे दोन ग्रॅमचे. एका बाजूस राजाचा मुखवटा आणि ग्रीक लिपीतली अक्षरे, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्याचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यातील लेखात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेब देतो. हा हिशेब नगांचा आहे, तोळ्या-माशांचा नाही. नाण्यावरचा ठसा पाहून लोक ते मोजून घेत, दर वेळी तोलून घेत नसत.

८/
ठशाचे हे सामर्थ्य कळते ते नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीच्या साठ्यावरून. १९०६ मध्ये तिथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला होता : एकीकडे कमानींचा डोंगर आणि स्वतःचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. चांदी तीच, वजनही तेच. पण राजा बदलला.

९/
या साठ्यातले एकच नाणे एखाद्याच्या हाती पडले असते, तर ‘अक्षरे बिघडलेले नाणे’ म्हणून त्याने ते बाजूला टाकले असते. हजारो नाणी एकत्र आणि एका जागी मिळाली, म्हणून ती एका सत्तांतराची साक्ष ठरली. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणते. शिलालेखातली ती प्रशस्ती आणि जमिनीतली ही चांदी एकमेकींना दुजोरा देतात.

१०/
आता घरचे उदाहरण. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात (आजच्या वाशीम जिल्ह्यात), मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी सातवाहनांची सुमारे १,६०० नाणी सापडली. वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे पुराणांतल्या राजावलीत नाहीत. ती तऱ्हाळ्याच्या नाण्यांनी दिली.

११/
ही नाणी चांदीचीही नव्हती. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची ती नाणी सराफाने हातात घेऊन परत केली असती. तराजूच्या भाषेत ज्यांची किंमत जवळपास शून्य, त्या धातूच्या तुकड्यांनी दक्षिणेच्या इतिहासाला राजे मिळवून दिले. माझ्या युक्तिवादाचा गाभा हाच आहे.

१२/
दुर्दैवाने आपला कायदाही तराजूच्याच भाषेत बोलतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. सरकारने तो ठेवा घ्यायचे ठरवले, तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. पोटीनच्या हंड्यासाठी शेतकऱ्याच्या हाती काय पडेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

१३/
संग्राहकांनी पुष्कळ नाणी भट्टीतून वाचवली, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे आणि त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु साठा फुटून एकेक नाणे विकले गेले की गाव, शेत, हंडा आणि सोबतची नाणी ही सगळी माहिती नष्ट होते. उरते ते अस्सल पण मुके नाणे. शिवाय खोट्या नाण्याला फावते तेही याच मुकेपणामुळे. ज्याला जन्मगावच विचारले जात नाही, त्याला दडायला जागा भरपूर.

१४/
म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. मोबदला धातूच्या नव्हे तर ऐतिहासिक मूल्याच्या आधारे ठरावा आणि तो वेळेवर मिळावा, म्हणजे प्रामाणिकपणा शेतकऱ्याला तोट्यात घालणार नाही. आणि आपण नाणेप्रेमींनी ‘वजन किती?’च्या आधी ‘कुठे सापडले? सोबत काय होते?’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. ज्या नाण्याला या प्रश्नांचे उत्तर नाही, त्याची किंमत बाजारातही कमी धरली जावी.

१५/
नांगराच्या फाळाला किंवा घराच्या पायात काही लागले, तर ते घासू नका, वाटून घेऊ नका. जागेचे छायाचित्र काढा, सर्व नाणी एकत्र ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. वऱ्हाडच्या काळ्या मातीत आणखी एखादे तऱ्हाळे दडलेले असू शकते. ते सराफाच्या काट्यावर पोहोचते की इतिहासाच्या पानावर, हे पहिल्या दिवशी ज्याच्या हाती लागेल त्याच्यावर अवलंबून आहे.