घरची बाग : हिरवळीखालची हुमणी

गोंदिया हा भाताचा मुलूख. तेथें घरापुढें हिरवळ राखणें सोपें असावें असा सर्वसाधारण समज आहे. हरळीला पाऊस मानवतो हें खरेंच. परंतु त्याच ओलीवर तिचा एक शत्रूही पोसला जातो. श्रावण-भाद्रपदांत हिरवळ मधूनमधून पिवळी पडूं लागते. पाणी वाढवावें, खत घालावें, तरी डाग पसरतच राहतात. अशा वेळीं पिवळें गवत मुठींत धरून हलकेंच ओढून पाहावें. सतरंजीचें टोंक उचलावें तसें तें वर आलें, तर मुळें खाणारी हुमणी खालीं आहे असें समजावें. विदर्भांत तिला उन्नी असेंही म्हणतात. अळी पांढरट, जाड, तपकिरी डोक्याची व अर्धचंद्रासारखी वांकलेली असते.

फूटभर लांबरुंद आणि चार बोटें खोल तुकडा खणून अळ्या मोजाव्या. एकदोनच निघाल्या तर माती सारखी करून स्वस्थ बसावें. निरोगी हरळी तेवढा उपद्रव सहज सोसते. पांचसात निघाल्यास मात्र उपाय हवा.

उपायाची खरी वेळ तोंवर टळून गेलेली असते. हिचे भुंगेरे पहिल्या दमदार सरींनंतर सायंकाळीं जमिनींतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर तुटून पडतात. (अन्य किडींवर आपण ज्याचा उतारा देतों तो कडुनिंबच यांचा मेवा, ही मौजच!) झाडाखालीं जुनी चादर अंथरून रात्रीं फांद्या हलवाव्या व पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. मुलांना हें काम फार आवडतें. वर्षांत पिढी एकच होत असल्यामुळें आठ-दहा रात्रींचे श्रम वर्षभर पुरतात. शेजाऱ्यांनीं साथ दिली तर अधिकच. पुढें अळ्या झाल्याच तर डागाची माती उकरून मैना-बगळ्यांना मोकळी सोडावी. मेटारायझियम नांवाची बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून ओल्या जमिनींत घातली असतां अळ्या रोगानें मरतात, मात्र धीर धरावा लागतो. कच्चें शेणखत कधींही घालूं नये.

भाताच्या बांध्या जवळ असतील तर लष्करी अळीही येते. ती मुळें न खातां पातीं कुरतडते व दिवसा बुडाशीं दडते. बादलीभर पाण्यांत दोन मोठे चमचे पातळ साबण कालवून संशयित जागीं ओतल्यास ती थोड्याच वेळांत वर येते. मग वेंचून काढावी.

विषारी भुकटीचा मोह या सर्वांहून मोठा. एके काळीं बी.एच.सी. सर्रास धुरळीत; तिच्यावर १९९७ सालीं बंदी आली, आणि फोरेटवर २०२० च्या अखेरीस. माळ्यावर एखादा जुना डबा राहिला असल्यास तो उघडूं नये. कृषी खात्याच्या माणसाला विचारून त्याची वाट लावावी. याच गवतावर रांगतें मूल खेळतें आणि हेंच कापलेलें गवत गाईपुढें पडतें. शिवाय हरळी म्हणजेच आपली दूर्वा. हुमणीचा जोर आणि गणेशचतुर्थी हीं बहुधा एकाच सुमारास येतात. औषध घातलेल्या जागेच्या दूर्वा पूजेला घेऊं नयेत, रसासाठीं तर मुळींच नाहीं. त्यासाठीं विहिरीजवळचा एखादा वाफा आरंभापासूनच निराळा राखावा.