पिवळ्या डेझीला भय कशाचे?



गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. दारात बारा महिने हिरवे राहणारे आणि पिवळ्या फुलांनी बहरणारे डेझीचे झुडूप असावे, अशी त्यांची हौस. पुण्याच्या रोपवाटिकेतून त्यांनी ते दोनदा आणले आणि दोन्ही वेळा श्रावण संपण्यापूर्वीच ते गेले. पत्राच्या अखेरीस त्यांनी विचारले आहे, "माझ्या हातालाच यश नाही का?"

हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटला. निवृत्तीनंतर आम्ही बुरोंडीच्या वडिलोपार्जित घरी राहावयास आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या मुलीने आईसाठी हेच झुडूप पुण्याहून आणले होते. राखाडी झाक असलेली, कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली मऊ पाने आणि लांब देठावर डुलणारी, रुपयापेक्षा मोठी, सोनपिवळी फुले. सौभाग्यवतींनी ते अंगणात गडग्याजवळ लावले. फाल्गुनापर्यंत ते असे फुलले, की रस्त्याने जाणारे थांबून नाव विचारीत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची पाने माना टाकू लागली आणि महिनाअखेर केवळ काळ्या काड्या उरल्या. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या जागी त्यांनी दुसरे काही लावलेही नाही, आणि ते मला अधिक लागले.

झाड का गेले, हे शोधण्यासाठी मी बागकामाची इंग्रजी पुस्तके चाळली. या झाडाचे शास्त्रीय नाव युरिऑप्स पेक्टिनेटस. झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांच्याच कुळातले हे झुडूप. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे तर अनेक चिमुकल्या फुलांचा समूह असतो. मधल्या चकतीतले प्रत्येक टिंब हे एक फूल आणि कडेची प्रत्येक पाकळी हे दुसऱ्या प्रकारचे एक फूल. पुस्तकांत झाडाविषयी एकच इशारा पुनःपुन्हा दिलेला आढळला : हे झाड नाजूक आहे, त्यास थंडीपासून जपावे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात ते काचघरात नेतात, अथवा उबदार भिंतीच्या आडोशाला ठेवतात.

हा इशारा वाचून मी बुचकळ्यात पडलो. बुरोंडीला पाणी गोठावे अशी थंडी कधीच पडत नाही. पौषातही पहाटे शाल पुरते. मग नाजूक झाडाला आमच्या अंगणात धोका कोणता?

उत्तर झाडाच्या माहेरी सापडले. ही राखाडी पानांची डेझी मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातील, खडकाळ उतारांवरची. त्या भागात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा जातो. केप टाउन शहरात वर्षभरात साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो. आमच्या दापोली तालुक्यात तो ३५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, उष्ण आणि दमट हवेत. पुण्यात ते झाड टिकते, कारण तेथील पाऊस आमच्या मानाने पाचव्या हिश्श्याचा. म्हणजे या झाडाला आपल्याकडे भय थंडीचे नव्हे. भय मुळाशी साचणाऱ्या पाण्याचे.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते आणि मुळे त्या हवेवर श्वास घेतात. सतत पाऊस लागला की ती पोकळी पाण्याने भरते, मुळे गुदमरतात आणि मातीतली बुरशी त्यांना कुजवते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून माती ओली असूनही पाने कोमेजतात. कोमेजलेले झाड पाहून आपण त्याला आणखी पाणी घालतो. सौभाग्यवतींनी तेच केले होते आणि मीही शेजारी उभा राहून तांब्या भरून दिला होता. भर म्हणून लागवडीचा खड्डा आम्ही कठीण जांभ्यात खणला होता. जांभ्याची जमीन निचऱ्याची, असे आपण म्हणतो, आणि उतारावर ते खरेही आहे. परंतु सलग कातळात खणलेला खड्डा हा वाडग्यासारखा असतो. त्यात आलेले पाणी जाणार कोठे?

येथे मला माझ्या नोकरीतील एक प्रसंग आठवला. तो सांगताना आजही संकोच होतो. किनाऱ्यावरील एका शाखेत मी नवा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. एका मच्छीमार गृहस्थांचे मचव्यासाठी घेतलेले कर्ज होते, हप्ता दरमहा समान. जून, जुलै आणि ऑगस्टचे त्यांचे हप्ते थकत. दिवाळीनंतर ते मागची बाकी व्याजासह भरून टाकीत. पुढील वर्षी त्यांनी जाळ्यांसाठी अर्ज केला, तेव्हा मी शेरा लिहिला : "परतफेड अनियमित, शिफारस नाही." ते मला म्हणाले, "साहेब, दर्या बंद असतो तेव्हा पैसा कुठून येणार?" मी त्यांना नियमावली दाखविली. त्यांनी जास्त व्याजाने बाहेरून रक्कम उचलली आणि दोन वर्षांत मचवा विकला गेला, एवढेच पुढे कानावर आले. आजही बुरोंडीच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात, तेव्हा तो शेरा मला आठवतो. त्या माणसाच्या व्यवहारात खोट नव्हती. त्याचे वर्ष माझ्या वेळापत्रकाहून वेगळे होते आणि ते विचारून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती. आपण व्यापारी मंडळी तर हे चांगले जाणता. वाण्याची दिवाळी आणि शेतकऱ्याचा सुगीचा महिना ओळखूनच पूर्वी आपल्या पेढ्यांवर उधारीची मुदत ठरत असे.

झाडाचे वर्षही असेच आधी विचारावे लागते. ते विचारल्यावर एक मोलाची गोष्ट कळली. याच डेझीची एक बहीण आहे, युरिऑप्स क्रिसॅन्थेमॉइडिस. तिची पाने राखाडी व लवदार नसून स्वच्छ हिरवी, किंचित चकचकीत असतात. फूल तेच, सोनपिवळे. तिचे माहेर दक्षिण आफ्रिकेची पूर्व बाजू, पूर्व केप आणि क्वाझुलू-नाताळ. सन १८९३ मध्ये गांधीजी ज्या दर्बान बंदरात उतरले, तो हा प्रदेश. तेथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, दर्बानला वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर. आणि हे झुडूप ओढ्याकाठी, रानाच्या कडेला, किनाऱ्याजवळच्या झुडपांत वाढते. कोकणचा पाऊस त्याहूनही कितीतरी अधिक, परंतु उबदार दिवसांतला पाऊस तिला निदान परका नाही. रोपवाटिकेत दोन्ही 'पिवळी डेझी' म्हणूनच मिळतात. घाट उतरून येणाऱ्यांनी पान पाहावे आणि हिरवे घ्यावे.

तिसरी एक पिवळी डेझी या नावाखाली गळ्यात पडते, तिच्यापासून मात्र सावध राहावे. ती वेडेलिया, जमिनीवर पसरणारी वेल. ती कोकणात विनासायास वाढते आणि तीच तिची अडचण. पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात आणि गटार, बांध, शेजाऱ्याची वाडी असे ती काहीच सोडीत नाही. ही वेल मूळची उष्ण अमेरिकेतील. जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. तिचे छाटलेले तुकडे उकिरड्यावर अथवा सड्यावर कधी टाकू नयेत. सड्याला पिवळे करावयास आपली सोनकी पुरेशी आहे.

आता चिपळूणच्या भगिनींसाठी, आणि तशीच हौस असणाऱ्या सर्वांसाठी, गेली चार वर्षे आमच्या अंगणात निभावलेली रीत सांगतो.

लागवड पावसाळ्यात करू नये. नवरात्र ते दिवाळी हा काळ उत्तम. खड्डा न खणता जमिनीवर हातभर उंचीचा वरंबा करावा. त्यात निम्मी माती, पाव भाग जांभ्याची बारीक खडी अथवा नदीची जाड रेती आणि पाव भाग चांगले कुजलेले शेणखत. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यात क्षार असतात. जागा किमान सहा तास उन्हाची हवी. सावलीत झाड काटकुळे होते आणि फुले रोडावतात. हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी पुरते, तेही बोटभर माती कोरडी झाल्याची खात्री करून. वैशाखात सकाळी पाणी द्यावे आणि दुपारच्या उन्हाला थोडा आडोसा करावा. खत भाराभर घालू नये. पाने माजतात आणि फुले हटतात. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. विषारी फवाऱ्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

बहर ओसरला की छाटणी करावी, साधारण एक तृतीयांश. हिरवी पाने असलेल्या भागातच कात्री चालवावी. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत छाटल्यास तेथून फूट येईलच, असा भरवसा धरू नये.

पहिल्या पावसाळ्यात झाड कुंडीत असेल तर बरे. ज्येष्ठात पहिली सर येण्याआधी आम्ही कुंड्या पडवीत घेतो. पागोळ्या पडतात त्या रेषेच्या आत, परंतु उजेड मिळेल अशा. कुंडीखाली दोन विटा ठेवाव्यात, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. जमिनीतल्या झाडाला समुद्राच्या बाजूने माडाच्या झावळ्यांचा झाप बांधतो, त्याने खारा वारा आणि झोडपणारा पाऊस अडतो. झाडाने माना टाकल्याच, तर पाणी घालण्यापूर्वी माती चाचपून पाहावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दर वर्षी पाऊस सरल्यावर, चार बोटे लांबीच्या, न फुललेल्या कोवळ्या टोकांची पाच-सहा छाटकलमे करावीत. खालची पाने काढून रेती आणि काथ्याच्या भुशाच्या मिश्रणात खोचून, सावलीत ओलसर ठेवावीत. महिन्याभरात मुळे धरतात. हे झुडूप फार दीर्घायुषी नाही. चार-पाच वर्षांत ते खालून लाकडी आणि उघडे पडते. घरात गंगाजळी असावी, तशी ही रोपे हाताशी असावीत. एक झाड गेले तरी घरातली डेझी जात नाही.

आमच्या गडग्याजवळची ती जागा दोन पावसाळे रिकामी होती. आज तेथे वरंबा आहे आणि त्यावर हिरव्या पानांची डेझी तिसऱ्यांदा फुलली आहे. कलमांतले एक रोप सौभाग्यवतींनी चिपळूणच्या भगिनींसाठी निराळ्या कुंडीत वाढविले आहे. ताई, दिवाळीनंतर ते घेऊन जावे. तुमच्या हाताला यश आहे. झाडाचे वर्ष तेवढे कोणी तुम्हांस सांगितले नव्हते.