बुडालेल्यांची साक्ष



देवासहून इंदूरमार्गे धारला जायचं म्हणजे शंभरएक किलोमीटर. आमच्या मराठी प्रार्थनागटातली कुटुंबं या दोन गावांत विखुरलेली, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी हा प्रवास घडतो. पूर्वी आम्ही गाडीत गीतं लावायचो, पुढे मोबाईलवरचं मराठी बायबल. अलीकडे मात्र पुस्तकं ऐकतो, आणि तीही धर्म, योगायोग आणि अर्थकारण यांवरची. "देवाच्या कामाला निघालात आणि कानात जगाचं ज्ञान!" असं गटातल्या एका काकांनी ऐकवलं. त्यांचा मान राखून सांगतो, या पुस्तकांनी आमच्या साक्षींमधली एक चूक आम्हाला दाखवली. ती मंडळीत कोणी दाखवली नव्हती.

त्या दिवशी नसीम निकोलस तालेब यांचं 'द ब्लॅक स्वान' (२००७) चालू होतं. तालेब लेबनॉनच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घराण्यातले. वित्तबाजारात सौदे करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी सिसेरोकडून घेतलेली एक जुनी गोष्ट आहे. दियागोरस नावाच्या नास्तिकाला कोणी काही चित्रं दाखवली. देवांचा धावा केला म्हणून जहाज फुटूनही जे वाचले, त्यांची ती चित्रं. त्याने विचारलं, धावा करूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?

गाडीत कोणी बोललं नाही. आदल्याच संध्याकाळी एका भावाने साक्ष दिली होती, की मुलाला पिथमपूरच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली. उपास केला, प्रार्थना केली, प्रभूने दार उघडलं. आम्ही सगळे हालेलुया म्हणालो. मागच्या सतरंजीवर दुसरे एक भाऊ बसले होते. त्याच पट्ट्यात ते ठेक्यावर होते, ठेका संपला आणि काम गेलं. उपास त्यांच्याही घरी झाला होता. हालेलुया तेही म्हणाले. घाटाबिल्लोदला चहाला थांबलो, तेव्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं हे कळलं.

आभार मानू नयेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आक्षेप आहे तो आभारांना हळूच चिकटणाऱ्या हिशेबाला: मला मिळालं, अर्थात देव माझ्यावर प्रसन्न; त्याला मिळालं नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. हा हिशेब कुठून आला, याचा एक धागा मॅक्स वेबर यांच्या १९०४-०५ मधल्या प्रोटेस्टंट नीतीवरच्या निबंधांत सापडतो. तारणासाठी आपली निवड झाली आहे की नाही, या धास्तीत जगणारे कॅल्विनपंथी लोक कामधंद्यातल्या यशात निवडीची खूण शोधू लागले, असं त्यांचं म्हणणं. वेबर यांच्याशी इतिहासकारांचे वाद आहेत, असोत. मायकल सँडेल यांनी 'द टिरनी ऑफ मेरिट'मध्ये (२०२०) तोच धागा आजच्या बाजारापर्यंत आणला आहे. जिंकलेल्याला वाटतं सगळं आपल्या गुणांचं फळ, आणि हरलेल्याने स्वतःलाच दोष द्यावा.

देवासकरांना तरी हे नव्याने सांगायला नको. इथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं एकाच गावात होती, १९४८ पर्यंत. रस्त्याच्या कोणत्या अंगाला घर, यावरून तुमचा राजा ठरे. त्यात कोणाचा गुण होता? आज आपल्या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात, आणि माळव्यातला सोयाबीनवाला पाऊस आणि भाव या दोन्हींकडे डोळे लावून बसतो.

काकांना आम्ही शास्त्रच उघडून दाखवलं. शिलोहातला बुरूज अठरा जणांवर पडला. ते काय इतरांहून अधिक पापी होते, असं येशूने विचारलं आणि उत्तरही नाही असंच दिलं. उपदेशकाच्या नवव्या अध्यायात शर्यत वेगवानालाच मिळते असं नाही, काळ आणि प्रसंग सर्वांनाच गाठतात. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळी पाचपर्यंत उभे राहिलेले मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर घेतलंच नव्हतं! पिथमपूरच्या फाटकाबाहेर उभं राहिलेल्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

तालेब यांचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. त्यांचा आवाज फार चढा आहे, आणि दियागोरसचा प्रश्न शेवटचा आहे असं आम्ही मानत नाही. गेथशेमानेत आपल्या प्रभूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. टळला नाही. वधस्तंभाखाली शिपायांनी त्याच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या. दियागोरस ज्याचं चित्र मागत होता, ते आपल्या मंदिरांत वेदीमागेच आहे. आपण त्याच्याकडे पाठ करून साक्षी देतो, एवढंच.

अडचण एकच, ही पुस्तकं इंग्रजीत. मराठीत ऐकायला कथा-कादंबऱ्या भरपूर मिळतात. या विषयावरचं आमच्या हाती अजून काही लागलेलं नाही. म्हणून आमच्यातल्या एक ताई ऐकून टिपण काढतात आणि बैठकीत मराठीत सांगतात. इंग्रजीचा वेग कमी करून ऐकल्यावर निवेदक झोपेत बोलतोय असं वाटतं, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

मागच्या बैठकीत आम्ही क्रम बदलला. साक्षीच्या आधी विचारलं, या महिन्यात कोणी मागितलं आणि मिळालं नाही? बराच वेळ शांतता होती. पेटी वाजवणाऱ्या भावांनी भाता बंद केला. मग मागच्या सतरंजीवरून ते भाऊ उठले आणि म्हणाले, "आमचं झालं नाही. आम्ही अजून मागतोय." हालेलुया कोणी म्हणालं नाही. काका आपल्या जागेवरून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.